क्लच माझा, गिअर त्यांचा

६ नोव्हेंबर, गुरु.

गाडी चिकलठाण्याच्या पुढे बंद पडली. बंद म्हणजे इंजिन चालू, पण गाडी जागची हलेना. अ.नी गिअरचा दांडा तीन-चारदा मागे-पुढे केला, रेस दिली. नुसता आवाज. मागचे ट्रकवाले हॉर्न मारून बेजार. शेवटी टपरीवर चहा पिणाऱ्या चौघांनी ढकलून कडेला घेतली.

शाळेतल्या मुळेबाईंना फोन केला, त्या स्कूटीवर आल्या आणि मी शाळेला गेले. अ. थांबले. जाताना वळून बघितलं तर हे परत ड्रायव्हरच्या सीटवर जाऊन बसलेले, उजवा हात स्टिअरिंगवर.

वर्गात लक्ष नव्हतं. तिसरीच्या पोरांनी फळ्यावर आपापले भागाकार केले, सगळे चुकीचे, आणि मी सगळ्यांना बरोबर दिले.

८ नोव्हें., शनि.

सकाळची शाळा उरकून थेट शहागंज, खलीलभाईंचं गॅरेज. अ. एस.टी.त होते तेव्हापासूनची ओळख. खलीलभाईंनी ऑइल बोटावर घेतलं, स्वतः हुंगलं, मलाही हुंगायला लावलं. जळकट. "भाभी, बक्सा गया." म्हणजे ऑटोमॅटिक गिअरबॉक्स. या मॉडेलचा नवा आता येत नाही. जुना शोधला तर तोही असाच निघणार.

अ.नी काठीने टायर ठोकत गाडीभोवती एक फेरी मारली. निघण्याआधीची त्यांची एस.टी.तली सवय. आज निघायचं नव्हतं तरी.

९ नोव्हें., रवि.

लिहून ठेवते, म्हणजे डोक्यातून जाईल.

तीन वर्षांपूर्वी झटका आला. डावा हात, डावा पाय. हात पुढे थोडाफार सुधारला, पाय नाही. एकोणतीस वर्षं गंगापूर डेपोत एस.टी. चालवलेला माणूस आठ महिने खिडकीत बसून रस्त्यावरच्या गाड्या बघत होता. मग खलीलभाईंनी ही शोधली. जुनी, डिझेल, राखी रंगाची आणि ऑटोमॅटिक. डाव्या पायाला कामच नाही. डॉक्टरांचं सर्टिफिकेट, आर.टी.ओ.ची टेस्ट, लायसनवर शेरा, सगळं रीतसर केलं. एका हाताने फिरवता यावं म्हणून स्टिअरिंगला गोल मूठ बसवली. तेव्हापासून सकाळी मला शेंद्र्याच्या शाळेत सोडणं आणि संध्याकाळी आणणं ही अ.ची ड्युटी. ड्युटी हा त्यांचाच शब्द. मी रजा टाकली की माझ्यापेक्षा त्यांचा चेहरा पडतो.

गाडी गेली तर हा माणूस परत खिडकीत बसेल. मला त्याची भीती वाटते.

१२ नोव्हें., बुध.

एस.टी.ने जाते-येते. घरी पाऊल टाकलं की प्रश्न सुरू. कुठल्या डेपोची होती? ड्रायव्हर कोण? ब्रेक मारताना आवाज येत होता का? मी काय सांगणार. मी उभी होते आणि कुणाच्या तरी पिशवीतली मेथी माझ्या नाकात जात होती.

दाढी चार दिवसांची. विचारलं नाही.

१४ नोव्हें., शुक्र.

खलीलभाईंचा फोन, स्पीकरवर. हीच गाडी, हेच इंजिन, पण साध्या गिअरची, मागून ठोकलेली, भंगारात आली आहे. तिचा गिअरबॉक्स, क्लच, पेडल, सगळं काढून आपल्या गाडीत बसवता येईल. "मॅन्युअल बना देता हूं, उस्ताद. और दस साल चलेगी. पर…" पुढे बोलले नाहीत. तो ‘पर’ आम्हा तिघांनाही कळला. साधा गिअर म्हणजे क्लच आणि क्लच म्हणजे डावा पाय.

माझी तव्यावरची भाकरी करपली.

अ. म्हणाले, "करून टाक."

फोन ठेवल्यावर मी नुसती बघत राहिले. तर मलाच म्हणतात, "क्लच काय नवा हाय का मला? झोपेत दाबलाय म्या."

ऑगस्टमध्ये फिजिओथेरपीच्या मॅडमनी मला एकटीला बाहेर बोलावून सांगितलं होतं. घोटा आता जेवढा वळतो तेवढाच. व्यायाम करू द्या, पण फार आशा ठेवू नका. हे मी अ.ना सांगितलेलं नाही. कुणालाच नाही. आज पहिल्यांदा लिहिलं.

१६ नोव्हें., रवि.

मागच्या अंगणातून फुस्स-फुस्स आवाज. मला वाटलं साप. हळूच बघते तर अ. कठडा धरून उभे आणि सायकलचा पायाने मारायचा पंप डाव्या पायाखाली. दाबतायत, सोडतायत. दाबताना सगळं अंग एका बाजूला जातं. ओठ हलत होते, मोजत असावेत.

मी आत आले आणि उगाच भांडी वाजवली. थोड्या वेळाने आत येऊन म्हणाले, चहा टाक. शर्ट घामाने ओला होता. दाढीही केली आज.

सांगायला हवं मी. पण कसं सांगू?

२१ नोव्हें., शुक्र.

शाळेतून परस्पर गॅरेजात. गाडी वर चढवलेली, पोट मोकळं. खाली पोत्यावर दोन्ही गिअरबॉक्स शेजारी शेजारी, जुना जाडजूड, नवा त्याच्या निम्मा. इतका लहान बघून मला उगीच शंका आली. खलीलभाई म्हणाले, यात डोकं नसतं, डोकं चालवणाऱ्याचं लागतं.

ऑटोमॅटिकचं ब्रेकचं पेडल चांगलं रुंद होतं, दोन पाय मावतील एवढं. ते काढलं. तिथे आता दोन अरुंद पेडल येणार. अ.नी रुंद पेडल मागून घेतलं आणि पिशवीत टाकलं. कशाला, ते विचारू नये असं वाटलं.

अ. हात धुवायला गेल्यावर खलीलभाई हळू आवाजात म्हणाले, क्लच जितका नरम करता येईल तितका करतो भाभी, पेडलची दांडीही लांबवतो, म्हणजे जोर कमी लागेल. "बाकी उनका पांव, उनका नसीब." मी मान हलवली.

घरी आले तर मनूचा पुण्याहून फोन. आई, विकून टाका ना ती, ॲपवरून कॅब बोलवत जा. म्हटलं, कॅब येईल गं दारात, पण तुझ्या बाबांना कोण बोलावणार सकाळी आठला? मग म्हणाली, तुझं खरं आहे. आवाज रडका झाला होता.

२८ नोव्हें., शुक्र.

सगळं बसलं, पण गाडी सुरूच होईना. गाडीच्या कॉम्प्युटरला अजून वाटतंय की आपण ऑटोमॅटिक आहोत. दांडा ‘पी’वर आला की सुरू होईन म्हणून वाट बघत बसलाय, आणि आता ‘पी’च उरलं नाही. खलीलभाईंच्या ओळखीच्या वायरमनने दोन वायरी जोडून त्याला फसवलं. सुरू झाली. पण मीटरवर ‘पी’ कायमचं उमटून राहिलंय. ‘पी’ म्हणजे पार्किंग.

अ. हसले. "तिला वाटतंय ती उभीच हाय. ऱ्हाऊ दे, वाटू दे."

बदलाचे कागद आर.टी.ओ.त द्यायचे आहेत, खलीलभाईंचा माणूस बघतोय.

३० नोव्हें., रवि.

आज.

शेंद्र्याच्या नव्या एम.आय.डी.सी.त रविवारी चिटपाखरू नसतं. रुंद रस्ते, दोन्ही बाजूंना रिकामे प्लॉट. खलीलभाईंनी गाडी तिथवर आणली आणि किल्ली अ.च्या हातात दिली. अ.नी फेरी मारली, टायर ठोकले. आत बसले. डावा पाय हाताने उचलून क्लचवर ठेवला. मी बाहेर उभी होते, बाभळीखाली.

क्लच गेला. पूर्ण खाली गेला. मी बघितलं. पंपाने काम केलं होतं. अ.नी माझ्याकडे बघितलं आणि त्या क्षणी मला वाटलं, मॅडम चुकल्या.

मग सोडताना पाय एकदम सुटला. गाडीने उडी मारली आणि बंद. परत. परत उडी. पाचव्यांदा समोरच्या मातीच्या ढिगाला टेकली. खलीलभाई दुसरीकडे बघत बिडी ओढत होते. नऊ वेळा झालं. मी मोजत होते, का कोण जाणे.

मग इंजिन बंद करून अ. बसून राहिले. मी खिडकीपाशी गेले तर समोर बघतच म्हणाले, "दाबता येतंय. सोडता येत नाय."

एवढंच. काठी घेऊन उतरले, गाडीला वळसा घालून डाव्या सीटवर जाऊन बसले आणि पट्टा लावला. येताना खलीलभाईंनी चालवली.

२ डिसें., मंगळ.

पंप कोपऱ्यात ठेवून दिलाय. मला राहवेना. जेवताना ऑगस्टचं सगळं सांगून टाकलं. मॅडम काय म्हणाल्या, मी का लपवलं. सांगताना रडले, मीच.

अ. पानातला भात गोळा करत राहिले. मग म्हणाले, "पाय माझा हाय. मला जुलैतच कळलं व्हतं." मग का केलं हे सगळं, म्हटलं. पंप का मारला? तर म्हणतात, "एकदा बसून बघायचं व्हतं. बघितलं. आता झालं."

मी त्यांच्यापासून लपवत होते आणि ते माझ्यापासून. एकतीस वर्षांच्या संसारात एवढी अक्कल आली आम्हाला.

६ डिसें., शनि.

भडकल गेटच्या पुतळ्याला अभिवादन करून आलो. दरवर्षीसारखी रांग. अ. काठीवर, दुसरा हात माझ्या दंडाला. मेणबत्ती लावली. रांगेतून बाहेर पडताना मधेच विचारतात, "बाई, तुझं लायसन कुठंय?" (घरातही बाईच म्हणतात, शाळेतल्या पोरांसारखं.)

म्हटलं, कपाटात, रेशनकार्डाच्या खाली. स्टाफरूममध्ये सगळ्यांनी काढलं म्हणून वीस वर्षांपूर्वी काढलेलं. दर वेळी नियमाने रिन्यू केलं आणि गाडी एकदाही चालवली नाही.

"उद्या रविवार हाय," म्हणाले.

७ डिसें., रवि.

मी छप्पन्न वर्षांची. कंबर दुखते. आणि आज एम.आय.डी.सी.च्या रस्त्यावर मी सतरा वेळा गाडी बंद पाडली. नवऱ्याच्या नऊवर माझे सतरा. अ.नी एकदाही आवाज चढवला नाही. एस.टी.तले शिकाऊ ड्रायव्हर यांना चळाचळा कापायचे म्हणतात, मग हा कोणता माणूस माझ्या शेजारी बसला होता?

"टाच खाली टेकव. आता पाय सोडू नको, पाय इसर. गाडी सोताच सांगंल." आणि खरंच, पायाखाली बारीक थरथर आली. गाडी सरकली. मी ओरडले असेन, कारण बाभळीवरचे बगळे उडाले.

२१ डिसें., रवि.

क्लच जमतो. ब्रेक जमतो. गिअर जमत नाही. डावा हात दांड्यावर गेला की माझी मान खाली जाते, मान खाली गेली की गाडी डावीकडे जाते. तिसऱ्याऐवजी पहिला पडतो आणि गाडी किंचाळते. आज दोघंही वैतागलो. मी म्हटलं, मला नाही येत, सोडा नाद.

अ.नी उजवा हात दांड्यावर ठेवला. डाव्या सीटवरून तो त्यांच्या उजव्या हाताशीच येतो की. इतके दिवस कुणाच्या डोक्यात आलं नाही.

"तू पाय बघ आणि रस्ता बघ. गिअर माझ्याकडं."

मी क्लच दाबला. खट. दुसरा. सोडला. परत दाबला. तिसरा. त्यांना सांगावं लागत नाही, इंजिनाचा आवाज ऐकून हात आपसूक जातो. मलाही सांगावं लागत नाही, ते बोट उचलतात तसा माझा पाय दाबतो. पुढच्या चौकापर्यंत गेलो आणि वळून आलो. चौथासुद्धा टाकला. दोन माणसं मिळून एक ड्रायव्हर झाला.

अ. इतके खूश मी तीन वर्षांत बघितले नव्हते. येताना सुपारी मागितली. ती डॉक्टरांनी बंद केली आहे. दिली.

२९ डिसें., सोम.

आज शाळेत गाडीने गेलो. क्लच माझा, गिअर त्यांचा. जालना रोडला घाम फुटला, पण पोचलो. मी वर्गात, अ. दिवसभर शाळेच्या लिंबाखाली, नंतर शिपायाच्या खोलीत पेपर वाचत. एकटे गाडी परत नेऊ शकत नाहीत ना आता. डबा दोघांचा न्यावा लागेल.

मुळेबाईंनी खिडकीतून बघितलं आणि मधल्या सुट्टीत विचारलं, तुमचे हे गाडीत सारखा तुमचा हात का धरतात? म्हटलं, हात नाही हो, गिअर. विश्वास बसला नाही त्यांचा. हसत बसल्या. मीही मग जास्त खुलासा केला नाही.

मनूला सांगितलं तर घाबरली. आई, हे डेंजरस आहे, एकटीला कधी चालवायची वेळ आली तर? म्हटलं, बघू.

९ जाने., शुक्र.

ड्युटी परत सुरू. सकाळी आठला हे दारात उभे, शर्ट इन केलेला. रस्त्यात बोलणंही वाढलंय. गंगापूरच्या रस्त्यावरच्या जुन्या गोष्टी, कुठल्या वळणाला कोण चढायचं, उसाच्या दिवसांत ट्रॅक्टरमागे कसा जीव जायचा. एवढ्या वर्षांत मला सांगितल्या नव्हत्या. मी कधी त्यांच्या गाडीत पुढे बसलेच नव्हते ना.

१५ जाने., गुरु.

अ.ना ताप. मी म्हटलं, जाते एकटी, गाडी येते की आता मला. पहिला टाकून ठेवते गल्लीत आणि सावकाश जाते. अ. गोधडीतून म्हणाले, "जा. भिऊ नको."

गल्लीतून निघाले. मोठ्या रस्त्याला लागले. इंजिन ओरडायला लागलं, मी क्लच दाबला आणि थांबले. गिअर पडायची वाट बघत. दोन्ही हात स्टिअरिंगवर, पाय क्लचवर, आणि मी आपली वाट बघतेय. गाडी हळूहळू होत भर चौकात उभी. रिक्षावाले, टेम्पो, सिटी बस, सगळे हॉर्न मारतायत आणि मला कळेचना की गिअर का पडत नाही. शेजारची सीट रिकामी आहे हे दिसल्यावर कळलं.

कशीबशी वळवून घरी आणली. शाळेला फोन करून रजा घेतली. अ.ना सांगितलं तर ताप असताना इतके हसले की खोकला लागला. मीही हसले. हसता हसता ते थांबले आणि वर आढ्याकडे बघत राहिले.

१६ जाने., शुक्र.

ताप उतरला. अ. गाडीत बसले आणि उजवा हात मांडीवर ठेवला. म्हटलं, अहो, दुसरा. तर समोर बघत, "तूच टाक आता."

टाकला. खरखर झाली. तिसरा पहिल्यावर गेला. कळवळले असणार, गिअरबॉक्सचा आवाज त्यांना दाढदुखीसारखा लागतो. पण हात मांडीवरून हलवला नाही. बोटं मात्र हलत होती.

त्यांचं खरं आहे. मला एकटीला यायला हवं. उद्या काही झालं, ह्यांनाच दवाखान्यात न्यायची वेळ आली तर कोण टाकेल गिअर? सगळं पटतं. तरी मला त्यांचा तो हात मांडीवर बघवत नाही.

१९ जाने., सोम.

अ. दुपारी झोपतात तेव्हा मी दारातल्या बंद गाडीत जाऊन बसते (शाळेला दोन दिवस रजा, कंबर). क्लच, पहिला, दुसरा, तिसरा, चौथा. खाली न बघता. शेजारच्या काकूंनी गच्चीतून विचारलं, काय करताय हो? म्हटलं, गाडी पुसतेय. शंभर वेळा टाकले असतील. तिसरा सोपा आहे, जोर न लावता सोडून द्यायचा, आपला आपण जातो.

अ.ना सांगितलं नाही. काही लपवायचं नाही असं ठरलं होतं आमचं.

२३ जाने., शुक्र.

संध्याकाळी येताना शेंद्र्याच्या बाहेर पडलो आणि अ.चा डोळा लागला. दिवसभर शाळेत सव्वीस जानेवारीची तालीम, ढोल, पोरांची कवायत, हे उन्हात खुर्ची टाकून बघत बसले होते. मान खिडकीला टेकली. हात मांडीवर.

दुसरा टाकला. तिसरा. चौथा. ट्रकला वाट द्यायला परत तिसरा. चिकलठाण्याच्या सिग्नलला थांबले, पहिला टाकून निघाले. एकदाही खरखर नाही, एकदाही मान खाली नाही. घराच्या गल्लीत वळवून, दारात लावून हँडब्रेक ओढला. वीस किलोमीटर मी एकटीने गाडी आणली आणि मला आनंदच होईना.

इंजिन बंद झाल्यावर अ.नी डोळे उघडले. लगेच उघडले, झोपेतून उठतो तसे नाही. आलो का, म्हणाले. म्हटलं, आलो.

जेवणं झाल्यावर विचारलं, "मंग? गिअर पडायला लागले का तुझे?"

मी ताटं गोळा करत होते. म्हटलं, "नाही हो. आज रस्ता रिकामा होता म्हणून कसंतरी आणलं."

"दुसरा?"

"दुसरा पडतो कधी कधी."

"आणि तिसरा?"

"तिसरा तर अजिबातच नाही."

माझ्याकडे बघत राहिले. मी ताटं उचलून मोरीकडे गेले, पाणी सोडलं. त्यांच्याकडे पाठ होती माझी, म्हणून त्यांचा चेहरा कसा होता ते मला माहीत नाही. मागून त्यांचा आवाज आला.

"उद्या शनिवार. सकाळची शाळा हाय तुझी. साडेसहाला निघू, धुकं ऱ्हातं रस्त्याला."